निळ्या बर्फावरचे काळे दगड
जगात आजवर सापडलेल्या अशनींपैकी निम्म्याहून अधिक एकट्या अंटार्क्टिकात मिळाले आहेत, हे ऐकले की तिथे अशनींचा वर्षावच होत असावा, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात अवकाशातील दगड पृथ्वीवर सर्वत्र पडतात आणि ध्रुवांकडे तर विषुववृत्तापेक्षा काहीसे कमीच पडतात. फरक आहे तो पडल्यानंतर त्यांचे काय होते, यात.

१९६९ साली अंटार्क्टिकातील यामातो पर्वताजवळ बर्फाचा अभ्यास करणाऱ्या जपानी पथकाला थोड्याशा परिसरात नऊ अशनी सापडले. एकाच अशनीचे तुकडे झाले असतील, असे वाटावे. पण ते वेगवेगळ्या जातींचे निघाले. म्हणजे कोणीतरी त्यांना एकत्र आणले होते, आणि ते काम बर्फाचे होते. बर्फात पडलेला दगड पुढच्या हिमवर्षावांखाली गाडला जातो, आणि दाबाने घट्ट झालेला तो बर्फ स्वतःच्या भाराने संथपणे किनाऱ्याकडे सरकतो. बहुतेक दगड अशा प्रकारे समुद्रात जातात. मात्र वाटेत डोंगर आडवा आला, की बर्फ अडतो आणि खालचे थर वर येऊ लागतात. पठारावरून उतरणारे कोरडे वारे वरचे भुसभुशीत हिम उडवून लावतात आणि उघड्या पडलेल्या बर्फाचे संप्लवन होते, म्हणजे तो न वितळता थेट वाफ होऊन जातो. दरवर्षी काही सेंटीमीटर बर्फ असा नाहीसा होतो, त्याची जागा खालून येणारा बर्फ घेतो, आणि सोबत आलेले दगड तेवढे मागे उरतात. मिठागरात खारे पाणी येत राहते, वाफ उडून जाते आणि मीठ साचत जाते, तसेच हे घडते. खोलवरच्या दाबाने हवेचे बुडबुडे उरलेले नसल्यामुळे हा बर्फ निळा दिसतो.

दगड किती काळ असा पडून आहे, हेही कळते. अवकाशात असताना विश्वकिरणांच्या, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांच्या माऱ्याने त्यात क्लोरीन-३६ हे क्लोरीनचे किरणोत्सारी रूप (समस्थानिक) तयार होत असते. पृथ्वीवर आल्यावर वातावरणाच्या आडोशाने ही निर्मिती जवळजवळ थांबते आणि सुमारे ३ लाख वर्षांच्या अर्धायुष्याने, म्हणजे दर ३ लाख वर्षांनी निम्मा होत, त्याचा साठा घटू लागतो. उरलेल्या प्रमाणावरून काही अशनी दहा लाख वर्षांहूनही अधिक काळ तिथे असल्याचे दिसले आहे.

महाराष्ट्रात पडलेला अशनी मात्र काळ्या बेसॉल्टमध्ये मिसळून जातो आणि त्यातले लोह पावसाळ्यांत गंजते. लोहचुंबकाची परीक्षाही इथे फसवी आहे, कारण बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकाकडे ओढले जाणारे खनिज असतेच. ताज्या अशनीवर वितळून झालेले पातळ काळे कवच असते, आणि पुष्कळदा मळलेल्या कणकेत अंगठा दाबावा तसे खळगेही. ग्रहपीडा टळावी म्हणून ‘आकाशातला दगड’ अंगठीत घालणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे, की खरा अशनीसुद्धा कोणाचे ग्रह बदलत नाही.

विवरांचेही असेच आहे. पृथ्वीवर सुमारे २०० आघात-विवरे, म्हणजे अवकाशातून आलेले दगड आदळून झालेले खड्डे, निश्चित झाली असून त्यांतली बरीच कॅनडा, स्कँडिनेव्हिया आणि ऑस्ट्रेलियाच्या प्राचीन, स्थिर खडकांत आहेत, कारण तिथे ती पुसली गेली नाहीत आणि शोधलीही गेली. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणार टिकले, ते भूशास्त्रीय हिशेबाने अगदी तरुण असल्यामुळे. तो अशनी कुठे गेला, असे लोणारला येणारे विचारतात. त्याचा तुकडा तिथे मिळालेला नाही. पण आघाताच्या दाबाने स्फटिकरचना मोडून काचेसारखे झालेले फेल्डस्पार हे खनिज, म्हणजे मस्केलिनाइट, त्या विवराच्या खडकांत मिळाले आहे, आणि ज्वालामुखी असे मस्केलिनाइट घडवू शकत नाही; म्हणून ते विवर आघातानेच झाले, हे कळते.