गन-४ प्रथिन

गन-४ : हरितद्रव्याच्या (क्लोरोफिलच्या) जैवसंश्लेषणाचे नियमन करणारे प्रथिन. वनस्पती, शैवले व नील-हरित जीवाणू, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करताना ऑक्सिजन सोडणारे सजीव, यांच्यात ते आढळते. ऑक्सिजन न सोडणाऱ्या प्रकाशसंश्लेषी जीवाणूंत आढळत नाही. ते स्वतः विकर (एन्झाइम) नसून मॅग्नेशियम-किलेटेज या विकराचा साहाय्यक आहे.

नावाचा बंदुकीशी काही संबंध नाही. ‘जीनोम्स अनकपल्ड’ या इंग्रजी संज्ञेचा हा संक्षेप असून ‘जनुकसंचांचा परस्पर मेळ सुटलेला’ असा तिचा आशय आहे. नॉर्फ्लुराझोन हे कॅरोटिनॉइडे (संरक्षक रंगद्रव्ये) बनू न देणारे तणनाशक घातलेल्या माध्यमावर अरॅबिडॉप्सिस या प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या लहान वनस्पतीची रोपे तीव्र प्रकाशात वाढवली, तर कॅरोटिनॉइडांच्या अभावी हरितलवके करपतात आणि रोपे पांढरी पडतात. अशा रोपांत प्रकाशग्राही प्रथिनांची केंद्रकातील जनुकेही बंद होतात. १९९३ मध्ये जोआन कोरी व सहकाऱ्यांनी असे उत्परिवर्त (जनुकात बदल झालेले वाण) वर्णिले, की ज्यांची रोपे तशीच पांढरी, पण ही जनुके मात्र चालूच. त्यांपैकी चौथ्याचे जनुक २००३ मध्ये रॉबर्ट लार्किन, कोरी आदींनी ओळखले.

प्रोटोपॉर्फिरीन-९ या रेणूपाशी दोन वाटा फुटतात: त्यात लोह बसले तर हीम (रक्तातील हीमोग्लोबिनातही असणारा लोहयुक्त रेणू), मॅग्नेशियम बसले तर हरितद्रव्याचा मार्ग. मॅग्नेशियम बसवणाऱ्या किलेटेजचे आय, डी व एच असे तीन उपघटक आहेत. पॉर्फिरीन (प्रोटोपॉर्फिरीनसारखा वलयाकार रेणू) एचमध्ये धरले जाते. आय व डी एटीपी (पेशीतील ऊर्जावाहक रेणू) खर्च करून बळ पुरवतात. हे काम महागडे आहे: एका मॅग्नेशियम आयनामागे सुमारे १५ एटीपी. गन-४ एचलाही जोडले जाते आणि पॉर्फिरिनालाही. मॅग्नेशियम कमी असताना त्याचा प्रभाव विशेष जाणवतो, कारण त्याच्या उपस्थितीत विकराला लागणारी मॅग्नेशियमची किमान पातळी खाली येते.

नील-हरित जीवाणूंमधील गन-४ची स्फटिकरचना २००५ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे क्ष-किरणांनी उलगडली. एकाने सिनेकोसिस्टिसचे, दुसऱ्याने उष्ण झऱ्यांतील थर्मोसिनेकोकॉकसचे प्रथिन घेतले. रेणू जवळजवळ संपूर्ण आल्फा-मळसूत्रांचा आहे. त्याच्या गाभ्याची घडण ओंजळीसारखी अर्धमिटल्या हाताची, तळवा जलविरोधी; पॉर्फिरीन या तळव्यावर टेकते. वनस्पतींतील गन-४ला कार्बॉक्सिल टोकाशी जादा शेपूट असते. अंधारात तिच्यातील सेरीन या अमिनो आम्लाला फॉस्फेट जोडला जातो व उत्तेजक गुण मंदावतो.

ही ओंजळ नेमके काय करते, याबद्दल मतभेद आहेत. काहींच्या मते ती एचला प्रोटोपॉर्फिरीन पुरवते. परंतु मॅग्नेशियमयुक्त पॉर्फिरिनाशी तिचा बंध अधिक घट्ट असल्याने, तयार झालेला रेणू सांभाळून पुढे देण्याचे कामही तिच्याकडे असावे, हे मत अधिक पटण्याजोगे वाटते. मोकळे पॉर्फिरीन प्रकाशात एकक ऑक्सिजन (ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रूप) निर्माण करते व पेशीस घातक ठरते, हे ध्यानात घेता अशी राखण आवश्यकच.

याहून मोठा वाद संदेशवहनाचा. साचलेले मॅग्नेशियम-प्रोटोपॉर्फिरीन हाच हरितलवकाकडून केंद्रकाकडे जाणारा निरोप, असे २००३ मध्ये सुचवण्यात आले. २००८ मध्ये दोन गटांच्या मोजमापांत या रेणूची पातळी आणि केंद्रकीय जनुकांची अभिव्यक्ती यांचा मेळ बसला नाही, तेव्हा या कल्पनेचा आधार खचला. २०११ नंतर हरितलवकातील हीमकडे निरोप्या म्हणून अधिक लक्ष गेले. एकंदर पाहता गन-४ स्वतः निरोप्या नसून, पॉर्फिरिनांचा ओघ कोणत्या वाटेने वळेल यावर प्रभाव पाडून निरोपावर परिणाम करते, असे मानणे सध्या सयुक्तिक दिसते.

सौम्य उत्परिवर्तनात पाने फिकट हिरवी राहतात. जनुक पूर्ण निकामी झाल्यास नेहमीच्या प्रकाशात रोपात हरितद्रव्य साचत नाही. अगदी मंद उजेडात मात्र थोडे तयार होते.

गन-४चे कार्य संश्लेषणाच्या मधल्या टप्प्यावर चालते. मार्गाच्या आरंभी, ग्लुटामिल-टीआरएनए रिडक्टेज या विकराला अंधारात आवर घालणारे फ्लू हे प्रथिन वेगळे. ते नसलेल्या रोपांत अंधारात प्रोटोक्लोरोफिलाइड (हरितद्रव्याचा पूर्वगामी रेणू) साठते आणि निळ्या प्रकाशात ती लालसर चमकतात. उजेडात आणताच मरू लागतात.