खेळांची ओएस व्हर्च्युअल मशीनमध्ये: सगळं चालतं, खेळ अडतो

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला आणि जुने असेंबल केलेले बरेच पीसी अधांतरी राहिले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. नाशकात कॉलेज रोडला खोली करून राहणाऱ्या माझ्या भाच्याचा पीसी त्यातलाच. त्याने ठरवलं, विंडोजचा नाद सोडायचा आणि खास खेळांसाठी बांधलेली लिनक्स टाकायची. पण सबमिशन तोंडावर आलेलं, सगळा डेटा त्याच डिस्कवर. फॉरमॅट मारायची हिंमत होईना, म्हणून आधी व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे पीसीच्या आत दुसरा नकली पीसी (व्हर्च्युअल मशीन) उभा करणाऱ्या प्रोग्राममध्ये, टाकून बघितली. मग फोन आला: "मामा, ओएस झकास बसली. पण पत्त्यांच्या डावापलीकडे एक गेम धड चालेल तर शपथ!"

त्याचं काही चुकलं नव्हतं. प्रोसेसर दोघांत वाटून द्यायची विद्या आपल्या घरच्या पीसीत वीस वर्षांपूर्वीच आली. ग्राफिक्स कार्ड वाटून द्यायची विद्या अजून नीट पोचलेली नाही. सगळं घोडं तिथे पेंड खातं.

आधी या ओएसविषयी थोडं. स्टीमओएस ही स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीची. पहिली आवृत्ती डिसेंबर २०१३ मध्ये डेबियन या लिनक्सवर बेतून आली आणि फारशी कुणी विचारली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये हातात धरून खेळायचं स्टीम डेक आलं, तेव्हा ती आर्च लिनक्सवर नव्याने उभी केली. बझाइट ही फेडोरा या लिनक्सवर उभी असलेली, साध्या पीसीवरही सहज बसणारी. दोन्हींचा गाभा रीड-ओन्ली असतो. अपडेट आलं की अख्खी नवी प्रत जुनीच्या शेजारी उतरते आणि रीस्टार्टनंतर तिच्यावर जायचं. बिघडलं तर जुनी तिथेच असते.

आता व्हर्च्युअल मशीनकडे. आतल्या ओएसला वाटलं पाहिजे की सगळा पीसी आपलाच. प्रत्यक्षात सूत्रं हायपरवायझर या बाहेरच्या प्रोग्रामकडे. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात भाडेकरू घरमालकाच्या थाटात राहिला तरी चालतं, पण भिंत पाडायला निघाला की मालकाला कळलंच पाहिजे. गेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये हेच काटेकोर मांडलं: यंत्राची स्थिती बदलणारी किंवा उघड करणारी प्रत्येक आज्ञा, कमी अधिकारात दिली गेली तर, प्रोसेसरने अडवून हायपरवायझरच्या हवाली केली पाहिजे.

आपल्या पीसीतला एक्स८६ प्रोसेसर इथेच नापास होता. पॉपएफ ही आज्ञा घ्या. ती स्टॅकवरची (मेमरीतल्या तात्पुरत्या थप्पीवरची) किंमत उचलून प्रोसेसरच्या फ्लॅग रजिस्टरमध्ये भरते, आणि त्यातला एक बिट इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला मध्येच थांबवणारे इशारे, चालू-बंद करण्याचा असतो. कमी अधिकारात चालणाऱ्या आतल्या ओएसने ही आज्ञा दिली, तर जुना प्रोसेसर ना अडवायचा ना तक्रार करायचा. तो बिट गुपचूप होता तसाच ठेवून पुढे जायचा. आतल्या ओएसची समजूत की इंटरप्ट बंद झाले. ते आपले चालूच. आणि हायपरवायझरला कशाचाच पत्ता नाही. जॉन रॉबिन आणि सिंथिया अर्विन यांनी २००० मध्ये पेंटियम तपासला, तेव्हा अशा बेइमान आज्ञा १७ निघाल्या. व्हीएमवेअरने त्याआधीच, १९९९ मध्ये, पीसीसाठी पळवाट काढली होती: आतल्या ओएसचा कोड चालता चालता वाचायचा आणि धोकादायक आज्ञा बदलून टाकायच्या. अचाट काम होतं ते. पुढे इंटेलने २००५ च्या अखेरीला आणि एएमडीने २००६ मध्ये ही सोय थेट प्रोसेसरमध्येच घातली. तेव्हापासून आतल्या ओएसचा बहुतेक कोड मूळ वेगाच्या जवळपास धावतो.

ही सोय बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, बंद असू शकते. इंटेलच्या बोर्डावर ती 'व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' नावाने सापडते, एएमडीच्या बोर्डावर 'एसव्हीएम मोड' म्हणून. ती चालू करूनही सगळं रखडत असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या खालच्या पट्टीत बघा. तिथे हिरवं कासव दिसलं, तर हायपर-व्ही या विंडोजच्या स्वतःच्या हायपरवायझरने प्रोसेसरची ती सोय आधीच ताब्यात घेतली आहे आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्या मागून चालला आहे. इतकी प्रामाणिक खूण सॉफ्टवेअरमध्ये क्वचितच बघायला मिळते.

इन्स्टॉल करताना स्टीमओएस जास्त छळते. स्टीम डेकसाठी मिळणारी रिकव्हरी इमेज आधी व्हर्च्युअल डिस्कच्या फाइलमध्ये बदलून घ्यावी लागते, आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमध्ये ईएफआयवर (नव्या पद्धतीच्या बूटिंगवर) खूण करावी लागते. तिच्यातली इन्स्टॉलची स्क्रिप्ट डेकच्या एनव्हीएमई (थेट बोर्डात बसणाऱ्या वेगवान) डिस्कचंच नाव धरून बसलेली असते. नवी डिस्क साटा या जुन्या जोडणीवर जोडली की स्क्रिप्टला ती दिसतच नाही. एनव्हीएमई कंट्रोलरवर जोडली की दिसते. एवढं करून रीस्टार्ट केलं तर बहुधा काळा पडदा. गेमिंग मोड रंगवणाऱ्या गेमस्कोप या प्रोग्रामला व्हल्कन ही ग्राफिक्सच्या आज्ञांची भाषा बोलणारं ग्राफिक्स कार्ड हवं असतं आणि इथे ते नाही. डेस्कटॉप मोडवर वळवलं की गाडी पुढे सरकते. माझं मत विचाराल तर व्हर्च्युअल मशीनसाठी (व्हीएमसाठी) बझाइटचं डेस्कटॉप रूप घ्यावं आणि हा सगळा व्याप टाळावा. पीसीत रॅम मात्र १६ जीबी तरी असावी. आठात दोन ओएस नांदवणं म्हणजे दोघांचेही हाल.

मग गेम का अडतो? विंडोजचा गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन व्हॉल्व्हने २०१८ मध्ये आणलं. त्यातलं वाईन हे विंडोजच्या हाकांना लिनक्सवर उत्तर देतं, तर डीएक्सव्हीके हे डायरेक्टथ्रीडीच्या चित्रआज्ञा व्हल्कनमध्ये बदलतं. खऱ्या पीसीवर त्या पुढे थेट कार्डाकडे जातात. व्हर्च्युअल मशीनमध्ये पुढे उभं असतं नकली कार्ड, डेस्कटॉपच्या खिडक्या दाखवण्यापुरतं. व्हल्कन खाली पोचवायला रस्ता नसला की मेसा हे लिनक्सचं ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर ते काम प्रोसेसरच्या गळ्यात मारतं. भाच्याच्या सिस्टीम माहितीत ग्राफिक्सपुढे कार्डाच्या नावाऐवजी 'एलएलव्हीएमपाइप' हे प्रोसेसरवर चित्र काढणाऱ्या मेसाच्या ड्रायव्हरचं नाव लिहिलं होतं, ते याचमुळे. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे सुमारे साडेबारा कोटी ठिपके, आणि एका चित्राला वेळ जेमतेम १६.७ मिलिसेकंद. हजारो छोट्या गणकांनी एकदम करायचं हे काम चार-सहा कोरांवर पडलं की स्लाइड शो होणारच.

उपाय आहे, पण तो वेगळ्या घरचा. बाहेर लिनक्स आणि तिचा केव्हीएम हा हायपरवायझर, बोर्डावर आयओएमएमयूची (उपकरण थेट आतल्या ओएसच्या मेमरीशी जोडून देण्याची) सोय, आणि बाहेरच्या ओएससाठी दुसरं ग्राफिक्स. एवढं असेल तर अख्खं कार्ड आतल्या ओएसच्या हवाली करता येतं आणि गेम जवळजवळ मूळ वेगाने पळतो. एकच कार्ड तुकडे करून वाटण्याची सोय मुख्यतः सर्व्हरच्या कार्डांत असते. बाहेर विंडोज आणि कार्ड एकच, अशा पीसीवर यातलं काही जमत नाही.

तरी व्हीएममधली खटपट वाया जात नाही. डेस्कटॉप कसा आहे, मराठी टाइप होतं का, अपडेट उलटवून जुन्या प्रतीवर कसं यायचं, सबमिशनची सॉफ्टवेअर मिळतात का, हे सगळं तिथे निवांत कळतं. स्नॅपशॉट, म्हणजे त्या घडीच्या स्थितीची प्रत, घेऊन ठेवायचा आणि हवी तेवढी मोडतोड करायची. काय कळत नाही, तेही लक्षात ठेवायला हवं. आतल्या ओएसला वायफाय दिसतच नाही. व्हर्च्युअलबॉक्स तिच्यापुढे इंटेलचं तारेचं जुनं नेटवर्क कार्ड मांडतो. त्यामुळे आपल्या वायफायचा ड्रायव्हर आहे की नाही, ब्लूटूथ कंट्रोलर जुळतो का, स्लीपमधून पीसी उठतो का, याची परीक्षा खऱ्या लोखंडावरच.

भाच्याने मग सुटी एसएसडी आणली. विंडोजची डिस्क काढून ठेवली आणि नव्या डिस्कवर बझाइट टाकली. गेम पळाले, फक्त व्हॅलोरंट सोडून. त्याची व्हॅनगार्ड ही चोरपकड यंत्रणा विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, बसते आणि लिनक्सवर येतच नाही. मित्रांबरोबर तेवढं खेळायला त्याने जुनी डिस्क परत जोडली आहे.