जुने विज्ञानपट आणि भाड्याचा व्हीसीआर (कोल्हापूर)

जुने विज्ञानपट, घरगुती व्हिडिओवरील : पुठ्ठ्याची अंतराळयाने, रबरी राक्षस, मध्येच गाणी आणि शेवटी मारामारी अशा थाटाचे कमी खर्चातले विज्ञानपट चित्रगृहांतून उतरले, तरी पुढे कॅसेट आणि तबकडीवर वर्षानुवर्षे पाहिले गेले. भारतातला याचा ठळक नमुना म्हणजे ‘चांद पर चढाई’ (१९६७) हा हिंदी चित्रपट. कोल्हापूरकराने तो आवर्जून पाहावा, कारण त्यात चंद्रावर जाणारा गडी पैलवान आहे.

टी. पी. सुंदरम यांनी दिग्दर्शित केलेल्या या कृष्णधवल चित्रपटात दारा सिंग आनंद नावाचा अंतराळवीर झाले आहेत, तर भगवानदादा त्याचे मदतनीस. चंद्रावर उतरल्यावर या दोघांची गाठ राक्षसांशी आणि परग्रहावरच्या योद्ध्यांशी पडते. पद्मा खन्ना आणि हेलन यांच्याही भूमिका आहेत. संगीत उषा खन्ना यांचे. माणसाचे पाऊल चंद्रावर पडायला तेव्हा अजून दोन वर्षे होती. त्याच सुमारास सत्यजित राय यांनी परग्रहवासीयावर ‘द एलियन’ ही पटकथा लिहिली होती, पण तो चित्रपट कधी झालाच नाही. विचारवंताचा परग्रहवासी कागदावर राहिला आणि पडद्यावर पोचला तो पैलवानाचा चंद्र. याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही.

या चित्रपटातले विज्ञान तपासत बसण्यात अर्थ नाही. पाहायचे ते अंग आणि सेट. १९६८ साली अमेरिकन पैलवान लू थेझला हरवून जगज्जेते ठरलेले दारा सिंग इथे ऐन उमेदीत दिसतात. शाहू महाराजांच्या खासबाग मैदानात (१९१२) लाल मातीवरची कुस्ती पाहत वाढलेला प्रेक्षक पडद्यावरची झटापटही त्याच नजरेने पाहतो. खडाखडी (सुरुवातीची हातझटापट) खरी आहे का, पट काढताना (पाय धरून पाडताना) वजन कुठल्या पायावर आहे, समोरचा आपणहून पडतो की त्याला पाडले जाते, हे त्याला सांगावे लागत नाही. राक्षसाचा मुखवटा खोटा असला, तरी त्याला उचलणारे खांदे खरे आहेत, आणि चित्रपटाचा सगळा जीव त्या खांद्यांत आहे.

सेटचेही तसेच. बाबूराव पेंटर यांनी याच शहरात कॅमेरा घडवला, रंगवलेल्या पडद्यांच्या जागी घडीव सेट उभे केले आणि ‘सैरंध्री’त (१९२०) कीचकवध इतका हुबेहूब दाखवला की प्रेक्षक हादरले. ‘प्रभात फिल्म कंपनी’ची स्थापनाही १९२९ साली इथेच झाली, १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली. लाकूड, कापड, प्लास्टर आणि रंग यांतून दुसरे जग उभे करणे ही कोल्हापूरची जुनी विद्या आहे. पुठ्ठ्याच्या यानाला हसण्यापेक्षा ते कोणी, कशाचे, किती पैशांत केले असेल, हे इथल्या माणसाला आधी सुचावे.

व्हीसीआरचा काळ १९८२ च्या आशियाई खेळांनंतर, रंगीत दूरचित्रवाणीच्या जोडीने आला. स्वतःचा व्हीसीआर फार थोड्या घरांत होता. बाकीचे वर्गणी काढून टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी एका रात्रीसाठी भाड्याने आणत. गणेशोत्सवात तालीम मंडळांसमोर तोच संच रस्त्याकडे तोंड करून मांडला जाई. दुकानातला पोरगा वायर जोडून, टीव्हीचे चॅनेल जुळवून निघून जायचा आणि पुढची रात्र ज्याला ट्रॅकिंगचे बटण कळते त्याच्या हाती असायची. चित्राच्या तळाशी पांढरी पट्टी फडफडू लागली की तो बटण केसभर फिरवी. पट्टी वर सरकली तर उलटे फिरवी. तेवढ्याने भागले नाही, तर झाकण उघडून, स्पिरिटात भिजवलेला कोरा कागद फिरत्या हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, अलगद टेकवायचा.

या कॅसेटींची, म्हणजे व्हीएचएसची, फीत १२.७ मिलिमीटर रुंद असते आणि पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत तिच्यासमोरचा, हेड बसवलेला तिरका ड्रम मिनिटाला १,५०० फेरे घेतो. आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांचा तपशील उरतो. या कमतरतेचा जुन्या विज्ञानपटांना फायदाच झाला : यानाच्या तारा, मुखवट्याची शिवण, रंगवलेले आकाश सगळे त्या मऊ चित्रात मिसळून गेले. वेगाचा फरक मात्र फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. सिनेमाची रिळे सेकंदाला २४ चौकटींनी चालतात, पाल व्हिडिओ २५ ने. त्यामुळे अडीच तासांचा चित्रपट सहा मिनिटे आधी संपतो, आवाज किंचित चढतो आणि कुस्तीही चार टक्के वेगाने होते. तरीही व्हिडिओचे खरे देणे रिवाइंड हेच. चित्रगृहात डाव एकदाच दिसे. घरी तो मागे घेऊन पुन्हा बघता आला.

पुढे व्हीसीडी, म्हणजे चित्रपटाची तबकडी, आली. एका तबकडीत सुमारे ७४ मिनिटे मावत, म्हणून चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांत कापला जाई. चित्र ३५२ × २८८ बिंदूंचे, आणि हालचाल वाढली की त्याचे चौकोन पडत. म्हणजे नेमक्या झटापटीतच. २००७ साली मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना विकायला काढली, तेव्हा भाड्याच्या व्यवसायात राम उरला नाही.

चोरट्या कॅसेटींना आळा बसावा म्हणून १९८४ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात कलम ५२ए आले. कॅसेटवर निर्मात्याचे नाव-पत्ता आणि सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत दाखवणे बंधनकारक झाले. चित्रपटाचा प्रताधिकार प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे राहतो. ‘चांद पर चढाई’चा तो २०२७ अखेरपर्यंत आहे.

माळ्यावर अजून कॅसेटी असतील, तर त्यांना धोका दमट हवेचा. कोल्हापूरचा पावसाळा आणि २००५, २०१९, २०२१ चे पंचगंगेचे पूर यांत ओल लागलेल्या फितीवर पांढरी बुरशी धरते. कॅसेटची वरची झडप उघडून उजेडात फितीची गुंडाळी पाहावी. पांढरे ठिपके दिसले, तर ती चालू व्हीसीआरमध्ये घालू नये. बुरशी हेडला चिकटते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटीत जाते. अशी फीत आधी कोरडी करून साफ करवून घ्यावी आणि मगच तिची डिजिटल प्रत काढावी.