यूएईतली शिक्षकाची नोकरी सोडून मराठवाड्यात परतताना : पात्रता, कागदपत्रं आणि कामांचा क्रम

लातूर, नांदेड, बीड, परभणीकडचे कितीतरी शिक्षक दुबई, शारजा, अबुधाबीच्या शाळांत शिकवतात. जाताना काय काय लागतं हे सांगणारे ढीगभर भेटतात, एजंटही भेटतो. परत यायचं ठरलं की मात्र कुणी सांगत नाही, आणि नुकसान बहुतेकांचं तिथेच होतं. या सगळ्या प्रक्रियेत एक कागद सगळ्यात महत्त्वाचा आहे : वर्क परमिट रद्द करण्याचा अर्ज. त्यावर शिक्षकाची सही लागते आणि त्याच कागदात "माझी सर्व येणी मला मिळाली" असंही लिहिलेलं असतं. म्हणून प्रत्येक कामाबद्दल आधी एवढंच विचारायचं, हे सहीच्या आधीचं की नंतरचं?

हे नियम कुणाला लागू

ही माहिती खाजगी शाळांतल्या शिक्षकांसाठी आहे. त्यांना २०२१ चा ३३ क्रमांकाचा कामगार कायदा लागू होतो. तो २ फेब्रुवारी २०२२ पासून अमलात आला. सरकारी शाळांतल्या शिक्षकांचे सेवानियम वेगळे आहेत.

राजीनाम्याची नोटीस करारात लिहिली असेल तेवढी, किमान ३० आणि जास्तीत जास्त ९० दिवसांची. ती लेखी द्या, ईमेलने द्या आणि पोच जपून ठेवा. मुख्याध्यापकांना तोंडी सांगितलं होतं, हे पुढे कुठेच टिकत नाही.

ग्रॅच्युइटी : हिशोब स्वतः करून ठेवा

सलग एक वर्ष सेवा झाली की ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेचा, हक्क लागतो. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचा मूळ पगार, त्यापुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचा. एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगाराच्या वर जात नाही. वर्ष अर्धवट राहिलं असेल तर त्या प्रमाणात रक्कम मिळते. बिनपगारी रजेचे दिवस मात्र सेवेत धरले जात नाहीत.

समजा मूळ पगार ४,००० दिरहम आणि सेवा ७ वर्षं. पहिल्या पाच वर्षांचे १०५ दिवस म्हणजे १४,००० दिरहम, पुढच्या दोन वर्षांचे ६० दिवस म्हणजे ८,०००. एकूण २२,०००. हातात येणारा पगार ७,००० असला तरी घरभाडं आणि प्रवासभत्ता या हिशोबात येत नाहीत. अनेक शाळांच्या करारात मूळ पगार मुळातच कमी दाखवलेला असतो, त्यामुळे अपेक्षा मोठी आणि रक्कम लहान असं होतं. करार आधीच काढून बघा.

राजीनामा दिला की ग्रॅच्युइटी कापली जाते, असं अजूनही स्टाफरूममध्ये सांगितलं जातं. ते जुन्या कायद्यात होतं. नव्या कायद्यात राजीनामा देणाऱ्यालाही पूर्ण रक्कम मिळते.

करार संपल्यापासून १४ दिवसांत पगार, ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसे देणं शाळेवर बंधनकारक आहे. शाळा आधी सही मागत असेल तर नम्रपणे पण ठामपणे सांगा : रक्कम खात्यात जमा झाली की लगेच सही करते. पैसे अडलेच तर यूएईच्या मनुष्यबळ मंत्रालयाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. ५०,००० दिरहमपर्यंतच्या दाव्यांवर १ जानेवारी २०२४ पासून मंत्रालयच निकाल देऊ शकतं. दावा लावायला करार संपल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. तरीही तिथे असतानाच तक्रार करणं सोपं; अंबाजोगाईत बसून पाठपुरावा करणं फार कठीण. कागद समजत नसेल तर दुबईत भारतीय वाणिज्य दूतावासाचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, तिथे जायला संकोच करू नका.

सहीच्या आधी हातात हवीत अशी कागदपत्रं

अनुभवाचं प्रमाणपत्र सगळ्यात आधी. ते विनामूल्य देणं शाळेवर कायद्याने बंधनकारक आहे. त्यात रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख, पद, विषय आणि कोणत्या इयत्तांना शिकवलं हे स्पष्ट असावं. "शिक्षिका म्हणून काम केले" एवढ्या एका ओळीचा इकडे मुलाखतीत उपयोग होत नाही. शक्य असेल तर त्याचं साक्षांकनही तिथूनच करून आणा : आधी तिथलं शिक्षण खातं, मग परराष्ट्र मंत्रालय, मग भारतीय दूतावास.

पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र एमिरेट्स आयडी (तिथलं ओळखपत्र) चालू असताना मोबाइलवरूनही मागता येतं. इकडे आल्यावर तेच काम बोटांच्या ठशांपासून सुरू करावं लागतं.

लेकरं तिथे शिकत असतील तर शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रकं घ्या. दाखल्यावर दुबईत केएचडीए (तिथलं खाजगी शाळांवर देखरेख करणारं सरकारी खातं), इतर ठिकाणी तिथल्या शिक्षण खात्याचं साक्षांकन लागतं.

बँकेचं कामही याच टप्प्यात. शेवटची रक्कम जमा होताच, कर्ज किंवा क्रेडिट कार्ड थकलेलं असेल तर बँक खातं गोठवू शकते. आधी कार्ड बंद करा, देणं शिल्लक नसल्याचं पत्र घ्या. देणं बुडवून निघालेल्यांवर गुन्हा आणि प्रवासबंदीची वेळ येऊ शकते. भारतातल्या बँक खात्याला तिथला मोबाइल नंबर जोडलेला असेल तर तो बदला. सिम बंद झाल्यावर ओटीपी येणार नाही.

घर स्वतःच्या नावावर असेल तर भाडेकराराची नोंद रद्द करा, पुढच्या तारखांचे चेक परत घ्या, वीज-पाण्याचं शेवटचं बिल भरून अनामत मागा. दुबईत फ्लॅटसाठी ही अनामत २,००० दिरहम असते.

सहीनंतर

नवरा-बायको किंवा मुलं तुमच्या व्हिसावर असतील तर आधी त्यांचे व्हिसा रद्द होतात, मग तुमचा. रद्द झाल्याच्या कागदावर देश सोडण्याची शेवटची तारीख असते. ती ओलांडली तर रोज ५० दिरहम दंड. परतीच्या तिकिटाचा खर्च सर्वसाधारणपणे शाळेचा. दुसरीकडे नोकरी धरली किंवा करार तुमच्याच कारणाने संपला तर तुमचा.

तिकीट काढताना मुंबईच का? नांदेड, लातूर, धाराशिवच्या माणसाला हैदराबाद विमानतळही सोयीचा पडतो. एका वर्षाहून जास्त बाहेर राहून येणाऱ्या पुरुषाला २० आणि स्त्रीला ४० ग्रॅमपर्यंत सोन्याचे दागिने आणण्याची सवलत आहे, पण फक्त दागिन्यांना. नाणी-बिस्किटांना ती नाही. १०,००० डॉलरहून जास्त परकीय चलन, किंवा त्यातल्या नोटाच ५,००० डॉलरहून जास्त असतील, तर कस्टमला लेखी सांगावं लागतं. तिकडून निघताना ही मर्यादा ६०,००० दिरहम आहे.

इकडची बँक आणि आयकर

कायमचं परतलात की एनआरई खातं (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं इकडचं बँक खातं) तसंच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते निवासी खात्यात बदला, किंवा पैसे परकीय चलनातच ठेवायचे असतील तर आरएफसी खातं (परतलेल्यांसाठीचं परकीय चलनातलं खातं) उघडा. एनआरई ठेवींच्या व्याजावरची करमाफी परतल्यावर संपते, हे अनेकांना नोटीस आल्यावरच कळतं.

भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचं वर्ष मार्चअखेर संपतं. एप्रिलमध्ये परतलात तर त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस सहज भरतात आणि तुम्ही निवासी ठरता. पण आधीच्या १० पैकी ९ वर्षं अनिवासी असाल, किंवा आधीच्या ७ वर्षांत भारतातला मुक्काम ७२९ दिवसांच्या आत असेल, तर "निवासी पण सामान्यतः निवासी नाही" हा दर्जा मिळतो. तोवर दुबईच्या ठेवीवरचं व्याज इथे करपात्र होत नाही. चार-पाच वर्षांतच परतणाऱ्याला हा दर्जा सहसा बसत नाही. तो संपला की तिथलं उरलेलं खातं विवरणपत्रात दाखवावंच लागतं. पासपोर्टवरचे शिक्के दाखवून सीएकडून दिवसांची मोजणी करून घ्या.

लेकरांचा प्रवेश : परतण्याचं वर्ष यावरच ठरवा

माझं मत विचाराल तर ग्रॅच्युइटीच्या एका वर्षापेक्षा हा मुद्दा मोठा आहे. मुलगी दहावी तिथे करेल, मग अकरावी-बारावीला लातूरला ठेवू, असं बरेच पालक ठरवतात. अभ्यासाला ते ठीक. पण एमबीबीएसच्या राज्य कोट्यासाठी सर्वसाधारण नियमानुसार दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागतात, शिवाय अधिवास प्रमाणपत्र लागतं. डॉक्टरकीचा विचार पक्का असेल तर नववी संपायच्या आत परतणं शहाणपणाचं. ७०:३० विभागीय कोटा (७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना, ३० टक्के उरलेल्या राज्याला) २०२० मध्ये रद्द झाला आहे, त्याच्या भरवशावर राहू नका.

सीबीएसईचं मूल असेल तर बाकी फारशी अडचण नाही. ब्रिटिश किंवा अमेरिकी अभ्यासक्रमातून राज्य मंडळाच्या अकरावीत यायचं असेल तर समकक्षतेबद्दल विभागीय मंडळात आधीच चौकशी करा : लातूर, नांदेड, धाराशिवसाठी लातूर; उरलेल्या पाच जिल्ह्यांसाठी छत्रपती संभाजीनगर.

स्वतःची पुढची नोकरी

खाजगी सीबीएसई शाळांत तिकडचा अनुभव मानाने पाहिला जातो. अनुदानित किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत जायचं असेल तर मात्र तो अनुभव पुरत नाही. पहिली ते आठवीसाठी टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) हवी, आणि भरती टेट या वेगळ्या परीक्षेच्या (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी) गुणांवर पवित्र पोर्टल या राज्य सरकारच्या शिक्षकभरतीच्या संकेतस्थळामधून होते. या परीक्षा कधी होतील याचा नेम नसतो. म्हणून राजीनामा देण्याआधीच्या सुट्टीत गावाकडे आलात की परीक्षांची माहिती काढा, अर्ज सुरू असेल तर भरून टाका, आणि डी.एड., बी.एड.ची मूळ गुणपत्रकं घरच्या कपाटात सापडतात का ते त्याच फेरीत बघून ठेवा.