बदकांना शिळी भाकरी आणि पाव : एक खुलासा

‘बदकाला काहीही पचते, उरलेला पाव किंवा शिळी भाकरी टाकली की भागते’ हा समज मराठवाड्यात ऐकू येतो. तो चुकीचा आहे. पावाने पोट भरते, पण प्रथिने आणि नायसिन हे जीवनसत्त्व पुरेसे मिळत नाही. बदकाच्या पिलांना नायसिनची गरज कोंबडीच्या पिलांपेक्षा अधिक असते, आणि ते कमी पडले की पाय वाकतात, पिलू लंगडू लागते. भाकरीचा ताजा तुकडा क्वचित दिला म्हणून बिघडत नाही. खरा धोका बुरशीचा आहे. 1960 साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीमुळे हजारो टर्की पक्षी आणि बदकांची पिले दगावली, त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला, आणि बदके या विषाला विशेष बळी पडतात. म्हणून पावसाळ्यात ओल लागून काळी पडलेली ज्वारी ‘माणसाला नको तर बदकाला’ या हिशेबाने कधीही टाकू नये. कच्चे सोयाबीनही नको, कारण त्यातील घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात.

खाऊ द्यायचाच तर बारीक चिरलेली काकडी, मेथी, कलिंगडाचा गर किंवा मऊ शिजवलेले मटार द्यावेत, तेही बिनमिठाचे आणि रोजच्या आहाराच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे नाही. जवळ चोच पूर्ण बुडेल इतके खोल पाणी हवेच, कारण बदक घास पाण्यासोबत गिळते.