दर तीन महिन्यांनी सगळ्या शेळ्यांना जंताचे औषध? नको!

‘दर तीन महिन्यांनी अख्ख्या कळपाला जंतनाशक पाजा, दरवेळी औषध बदला, म्हणजे जंत सरावत नाहीत’ हा सल्ला वर्षानुवर्षे दिला जातो. तो चुकीचा आहे. सरसकट पाजल्याने औषधाला दाद न देणारे जंत तेवढे मागे उरतात आणि त्यांचीच पिलावळ कुरणात पसरते. औषधे आलटूनपालटून दिल्यानेही हे थांबत नाही.

शेळीचा मोठा वैरी म्हणजे रक्त शोषणारा हिमोंकस जंत. त्याने बऱ्याचदा हगवण लागतच नाही, शेळी पांढरी पडत जाते. म्हणून खालची पापणी उलटून आतला रंग पाहा. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेल्या फमाचा तक्त्यात याच्या 5 पायऱ्या आहेत: लाल म्हणजे 1, पांढराफटक म्हणजे 5. चौथ्या-पाचव्या पायरीवरच्या शेळीला औषध हवेच. पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच्या धडधाकट शेळीला सहसा नको.

मेंढीचा डोसही शेळीला अनेकदा पुरत नाही, कारण शेळीचे शरीर बरीच औषधे लवकर बाहेर टाकते. अपुरा डोस जंतांनाच बळ देतो. तेव्हा वजन करा आणि डोस पशुवैद्यकालाच विचारा. गाभणपणाच्या सुरुवातीला मात्र अल्बेंडाझोल हे जंतनाशक टाळाच, पोटातल्या करडात व्यंग येऊ शकते.