आत्मपरीक्षा (ख्रिस्ती साधना)

आत्मपरीक्षा : ख्रिस्ती माणसाने ठरल्या वेळी देवासमोर बसून आपल्या दिवसाचा घेतलेला धांडोळा. लॅटिनमध्ये हिला ‘एक्झामेन’ म्हणतात आणि कॅथलिकांच्या बोलण्यात बहुधा तोच शब्द येतो. मराठी बायबलमध्ये ‘आत्मपरीक्षा’ हा शब्द पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (११:२८) आहे. प्रभुभोजनाच्या भाकरीला हात लावण्याआधी माणसाने ती करावी, असे तेथे सांगितले आहे. पवित्रीकरण, म्हणजे देवाच्या कृपेने माणूस आतून हळूहळू ख्रिस्तासारखा होत जाणे, हे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांनाही मान्य आहे. त्या ‘हळूहळू’ला रोजच्या दिवसात पाव तासाची जागा करून देणे, एवढेच या साधनेचे काम. ती दिसते सोपी; बिघडतेही तितक्याच सहज.

रात्री दिवस आठवून पाहण्याची सवय ख्रिस्ती धर्माने शोधलेली नाही. रोमन तत्त्वज्ञ सेनेका लिहितो की दिवा नेला आणि सवय ठाऊक असलेली बायको गप्प झाली, की तो दिवसभराचे आपले बोलणेवागणे तपासत असे. चौथ्या शतकात बिशप अथनेशियसने लिहिलेल्या अंतोनी या संन्याशाच्या चरित्रात इजिप्तच्या वाळवंटातील संन्याशांना सल्ला आहे : आपली कृत्ये आणि मनातले विचार एकमेकांना दाखवायचे आहेत अशा बेताने लिहून ठेवा, लाजेनेच निम्मे काम होईल. सातव्या शतकातील योहान क्लिमाकसने एका मठातील भोजनगृह सांभाळणारा साधू पाहिला. त्याच्या कमरपट्ट्याला लहानशी वही लटकत असे आणि तीत तो रोजचे विचार टिपून मठाधिपतीला दाखवी. पुढे १२१५ मध्ये कॅथलिक चर्चच्या चौथ्या लॅटरन परिषदेने कळत्या वयाच्या प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीला वर्षातून एकदा तरी पापकबुली (गोव्यात कुमसार) सक्तीची केली. तेव्हापासून सामान्य माणसासाठी आत्मपरीक्षा म्हणजे कबुलीची पूर्वतयारी झाली : दहा आज्ञा आणि सात मुख्य पापे यांच्या याद्या समोर धरायच्या आणि आपण कुठे कुठे बसतो ते पाहायचे.

या तयारीला रोजच्या प्रार्थनेचे घट्ट रूप दिले ते लोयोलाच्या इग्नेशियस यांनी. बास्क प्रांतातला हा सरदारपुत्र (१४९१–१५५६) २० मे १५२१ रोजी स्पेनमधील पाम्प्लोनाच्या वेढ्यात तोफगोळ्याने जखमी झाला. अंथरुणावर पडल्या पडल्या तो कधी दरबारी पराक्रमाची स्वप्ने रंगवी, कधी संतांसारखे जगण्याची. दोन्ही रंगवताना सारखीच मजा येई. पण पहिली संपली की मन कोरडे पडे आणि दुसरी संपल्यावरही समाधान टिके. विचार ओसरल्यावर मागे उरणाऱ्या या चवीकडे त्याचे लक्ष गेले; एक्झामेनचे मूळ त्या लक्ष जाण्यात आहे. पुढे १५२२-२३ मध्ये मान्रेसा येथे त्याने जी टिपणे काढायला घेतली, त्यांतून ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक तयार झाले. पोप पॉल तिसरे यांनी १५४८ मध्ये त्याला मान्यता दिली. परिच्छेदांना क्रमांक असलेले हे मार्गदर्शकाचे हातपुस्तक आहे, सलग वाचायला घेतले तर रुक्ष वाटते.

पुस्तकात दोन परीक्षा आहेत आणि त्यांची गल्लत फार होते.

सर्वसाधारण परीक्षा

ही ४३ व्या परिच्छेदात आहे आणि तिच्या पाच पायऱ्या आहेत. पहिली : मिळालेल्या देणग्यांबद्दल देवाचे आभार. दुसरी : आपली पापे ओळखण्याची आणि झटकून टाकण्याची कृपा मागणे. तिसरी : उठल्यापासून आत्तापर्यंतचा दिवस तासातासाने तपासणे, आधी विचार, मग शब्द, मग कृती. चौथी : क्षमा मागणे. पाचवी : देवाच्या साहाय्याने सुधारण्याचा निश्चय आणि शेवटी ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना.

पाप या शब्दाची गाठ पडण्याआधी दोन पायऱ्या चढून यावे लागते, हे येथे महत्त्वाचे. आभार ही प्रस्तावना समजून घाईने उरकणारे लोक नेमके इथे चुकतात. आभार ठोस असावे लागतात. ‘आरोग्याबद्दल, कुटुंबाबद्दल धन्यवाद’ हे पाठ केलेले वाक्य काही कामाचे नाही; ‘सकाळी गर्दीत कुणीतरी सरकून बसायला जागा दिली’ हे कामाचे, कारण ते आठवताना तो क्षण पुन्हा डोळ्यांपुढे येतो आणि दिवस आपोआप उलगडू लागतो. तीन-चार अशा गोष्टी पुरतात. दुसरी पायरी एका वाक्याची आहे, पण ती गाळली की उरलेले सगळे आपल्याच डोक्याने चालते. आपणच आरोपी, आपणच न्यायाधीश, आणि निकाल ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे : कडक माणूस स्वतःला फाशी देतो, सैल माणूस निर्दोष सोडतो.

तिसऱ्या पायरीला एकंदर वेळेतला निम्मा वेळ द्यावा. दिवस स्थळांनी आठवला तर सोपा जातो : स्वयंपाकघर, रिक्षा, कचेरी, जिना, जेवणाचे ताट. प्रत्येक ठिकाणी कोण भेटले, मी काय बोललो, बोलताना आत काय चालले होते? पाचव्या पायरीचा निश्चय उद्याच्या एका प्रसंगाला बांधलेला हवा. ‘उद्यापासून प्रेमाने वागेन’ हा निश्चय दुसऱ्या दिवशी तपासता येत नाही. ‘उद्या आईचा फोन आला की हातातले काम बाजूला ठेवून बोलेन’ हा येतो.

इग्नेशियसने स्थापलेल्या येशूसंघाच्या (जेझुइट व्रतस्थांच्या) परंपरेत ही परीक्षा दिवसातून दोनदा, दुपारी आणि रात्री, सुमारे पाव पाव तास करण्याचा प्रघात आहे. नवख्याने दहा मिनिटांनी सुरुवात केली तरी चालते. अर्ध्या तासावर मात्र जाऊ नये, कारण मग ती चिंतन किंवा चिंता होते. अंथरुणात पडून करू नये. तिसऱ्या पायरीवर हमखास झोप लागते.

विशेष परीक्षा

हिचे विषयक्षेत्र एकच दोष. परिच्छेद २४ ते ३१ मध्ये तिची कृती इतकी बारकाईने दिली आहे की वाण्याच्या कीर्दखतावणीची आठवण व्हावी. सकाळी उठताच त्या एका दोषापासून सांभाळण्याचा निश्चय करायचा. दुपारच्या जेवणानंतर पहिला हिशेब, रात्रीच्या जेवणानंतर दुसरा. वहीत आठवड्याच्या सात दिवसांसाठी रेघांच्या सात जोड्या आखायच्या. वरची रेघ सकाळपासून दुपारपर्यंतच्या चुकांसाठी, खालची दुपारपासून रात्रीपर्यंतच्या. जितक्यांदा चूक झाली तितके ठिपके. मूळ आकृतीत दिवसागणिक रेघा आखूड होत जातात, दोष कमी होत जावा या अपेक्षेने. प्रत्येक जोडीपाशी लॅटिन लिपीतले ‘जी’ अक्षर आहे. पुस्तकात त्याचा खुलासा नाही, काही अभ्यासक ते खादाडपणासाठीच्या लॅटिन शब्दाचे आद्याक्षर मानतात. जोडीला हाताची एक खूण सांगितली आहे : चूक झाली की त्याच क्षणी हात छातीवर ठेवायचा. चारचौघांतही कुणाच्या ध्यानात न येता हे करता येते, असे पुस्तकच म्हणते. पुढे रात्रीची रेघ दुपारच्या रेघेशी, आजचा दिवस कालच्याशी आणि हा आठवडा गेल्या आठवड्याशी ताडून पाहायचा.

समजा, समोरच्याचे बोलणे मध्येच तोडण्याची सवय निवडली. सोमवारी दुपारपर्यंत चार ठिपके, रात्रीपर्यंत सात. मंगळवारी तीन आणि आठ. आकडा अजून उतरलेला नाही, पण दिसले काय, तर दोष संध्याकाळी बळावतो, म्हणजे थकव्याशी त्याचे नाते आहे. गुरुवारी ठिपके शून्य! आनंद होण्याआधी पाहावे की त्या दिवशी बोलायला कुणी होते का. घरी एकटे असताना कुणाचे बोलणे तोडणार? प्रसंगच न आल्याने पडलेले शून्य आणि प्रसंग येऊन मिळवलेले शून्य यांत फरक न करणे, ही या वहीतली सर्वांत नेहमीची चूक. दुसरी चूक निवडीतली. ‘गर्व’ किंवा ‘आळस’ मोजता येत नाही. मोजता येते ती त्याची एखादी फांदी : स्वतःची बढाई सांगणे, अलार्म पुढे ढकलणे. तिसरी म्हणजे एका वेळी तीन दोष धरणे. दोन आठवड्यांत वही बंद पडते. आणि ठिपके खरेच कमी झाले, तर त्याचा वेगळाच ताठा चढतो. तो मोजायला वहीत रेघ नसते.

दोष मुळासकट उपटून त्याच्या विरुद्धचा गुण लावणे हा विशेष परीक्षेचा हेतू. म्हणून कित्येक मार्गदर्शक काही आठवड्यांनी बाजू उलटायला सांगतात : किती वेळा तोडले हे सोडून, किती वेळा शेवटपर्यंत ऐकले ते मोजा.

विसाव्या शतकातील वळण

कालांतराने सर्वसाधारण परीक्षाही या वहीसारखीच केली जाऊ लागली आणि पापांच्या यादीपुरती उरली. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये चर्चविषयक घटना-दस्तऐवजाच्या पाचव्या प्रकरणात पवित्रतेचे पाचारण केवळ धर्मगुरू आणि व्रतस्थांना नसून सर्व श्रद्धावंतांना आहे, असे ठासून सांगितले. १९७२ मध्ये अमेरिकी जेझुइट जॉर्ज ॲशेनब्रेनर यांनी एका लेखात सुचवले, की परीक्षा आधी जाणिवेची व्हावी : दिवसभरात देव मला कुठे ओढत होता आणि मी कुठे सरकत होतो? आज रिट्रीटमध्ये (एकांतातल्या साधना-शिबिरात) शिकवतात ती बहुधा हीच पद्धत. तीत तिसऱ्या पायरीवर ‘काय चुकले’ याआधी ‘मन कशाने भरून आले, कशाने आटले’ हे पाहतात. इग्नेशियसच्या भाषेत ही सांत्वना आणि विषण्णता. त्या ओळखण्याचे नियम त्यांनी पुस्तकाच्या शेवटी दिले आहेत (३१३–३३६). त्यांतला पाचवा तर कागदावर लिहून भिंतीला लावावा असा आहे : विषण्णतेच्या काळात आधी केलेला कोणताही निश्चय बदलू नये.

नव्या पद्धतीने साधनेत जीव आणला यात शंका नाही. तिचा धोकाही आहे. चौथी पायरी, म्हणजे क्षमा, अनेकदा गुपचूप गळून पडते आणि उरते ते रात्रीचे मनोगत. जुन्या पाच पायऱ्या क्रमाने घेऊन तिसरीत नवा प्रश्न घातला तर दोन्ही साधतात.

प्रोटेस्टंट रूपे

पापांची पूर्ण यादी कधीच पुरी होत नाही हे प्रोटेस्टंट सुधारणेचे प्रवर्तक मार्टिन ल्यूथर स्वतःच्या अनुभवाने शिकले होते. तारण यादीवर अवलंबून नाही हा त्यांच्या शिकवणुकीचा कणा, म्हणून प्रोटेस्टंट परंपरेत आत्मपरीक्षेला पापकबुलीच्या संस्काराचा आधार राहिला नाही. तिची जागा प्युरिटनांत (इंग्लंडमधील कडव्या प्रोटेस्टंटांत) रोजनिशीने घेतली, मेथडिस्टांत गटाने. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी २५ डिसेंबर १७३८ रोजी लहान गटांसाठी नियम लिहिले. आठवड्यातून एकदा भेटायचे आणि प्रत्येकाला विचारायचे : गेल्या भेटीनंतर जाणूनबुजून कोणते पाप केले, कोणते मोह आले, त्यांतून सुटका कशी झाली, आणि पाप आहे की नाही अशी शंका असलेले काय केले. १७४२ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टलला प्रार्थनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी दर आठवड्याला माणशी एक पेनी गोळा करायला सुमारे बारा जणांचे वर्ग पाडले गेले. पेनी मागायला घरोघर जाणाऱ्या म्होरक्याला लोकांचे खरे जगणे दिसू लागले आणि वसुलीची व्यवस्था आत्म्याची विचारपूस करणारी झाली. अमेरिकी धर्मप्रचारक विल्यम टेलर यांनी १८७१ च्या सुमारास मुंबईत मेथडिस्ट मंडळी उभारायला सुरुवात केली तीही घरांत जमणाऱ्या अशाच गटांतून. गटात स्वतःला फसवणे अवघड जाते. उलट बाजूने, सांगण्याजोगी पापे सांगायची आणि खरी दाबायची अशी सवय लागू शकते. गटातली गोष्ट बाहेर गेली तर तो गट पुन्हा सावरत नाही.

गोवा आणि महाराष्ट्र

६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरलेले फ्रान्सिस झेवियर यांनी १५३४ मध्ये पॅरिसला इग्नेशियसच्या हाताखाली त्याची ‘आध्यात्मिक साधना’ केली होती. १५७९ मध्ये गोव्यात आलेले आणि १६१६ मध्ये मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापणारे थॉमस स्टीफन्सही झेवियर यांच्याप्रमाणे येशूसंघाचे. आज मुंबईत वांद्र्याचे रिट्रीट हाउस आणि गोव्यात राय येथील पेद्रो अरुपे इन्स्टिट्यूट ही येशूसंघाची केंद्रे आहेत. इग्नेशियसच्या पुस्तकातली पूर्ण साधना तीस दिवसांची, मौनात करायची. कामधंद्यात अडकलेल्यांसाठी पुस्तकाच्या आरंभीच्या सूचनांपैकी एकोणिसावीत रोज दीड तासाची सोय आहे, आणि तेवढेही न झेपणाऱ्यांना अठराव्या सूचनेप्रमाणे जे द्यायचे, त्यात या दोन्ही परीक्षा आहेत.

कुणी करू नये

ज्याला प्रत्येक गोष्टीत पाप दिसते त्याच्यासाठी ही साधना विष ठरते. इग्नेशियस स्वतः त्यातून गेले : मान्रेसात ते जुनी पापे पुन्हा पुन्हा कबूल करीत, समाधान होईना, शेवटी खोलीतल्या भोकातून उडी टाकावी इथपर्यंत मन गेले. जुनी पापे यापुढे कबूल करायची नाहीत असे ठरवल्यावरच ते सुटले. परिच्छेद ३४६-३४७ मध्ये त्यांनी दोन काड्यांचे उदाहरण दिले आहे. रस्त्यात दोन काड्या क्रुसासारख्या पडल्या आहेत, माझा पाय त्यांवर पडला. ‘हे पाप झाले’ असे मी स्वतः ठरवले तर तो चुकीचा निर्णय, समजावून सांगितले की जातो. पण पाप नाही असे वाटत असूनही ‘झाले असेल का?’ हा विचार पुन्हा पुन्हा टोचत राहतो, तो खरा संशयरोग. थोडा काळ तो मन स्वच्छ करतो, असेही ते म्हणतात, आणि नाजूक मनाने मुद्दाम थोडे सैल व्हावे, सैल मनाने थोडे नाजूक. अशा व्यक्तीला जाणता मार्गदर्शक वही बंद करायला लावतो, तिसरी पायरी काढून घेतो आणि काही महिने फक्त पहिली ठेवतो; टोचणी झोप उडवण्याइतकी असेल तर डॉक्टरकडेही पाठवतो.